लोअर आर्मचा बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला होतोय? खराब बोल्ट घरी बदलताना काय करायचं, काय नाही

ब्रेक मारला की पुढच्या चाकापाशी एकदाच ‘ठक’. रिव्हर्स घेऊन थांबलं की पुन्हा एकदा ‘ठक’. बोल्ट आवळून घेतला की आठ-पंधरा दिवस शांतता, मग परत पहिले पाढे. कधी बोल्टच बदलला जातो आणि तरी दोन-तीन महिन्यांत आवाज परत येतो. स्विफ्ट, वॅगन आर, सँट्रो, आय टेन, टियागो अशा पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांचा एकत्र उभा खांब) असलेल्या गाड्यांत ही तक्रार बरीच दिसते. कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात तिच्या जोडीला गंज येतो, म्हणजे ढिला झालेला बोल्ट काढायला गेलं तर तो निघतच नाही.

लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा आडवा लोखंडी भाग. इथे तो सबफ्रेमला (इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीला) धरून ठेवणाऱ्या बोल्टबद्दल लिहिलं आहे. स्ट्रट आणि नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) जोडणारे दोन बोल्ट किंवा बॉल जॉइंटचा (आर्म आणि नकल यांच्यातल्या गोल सांध्याचा) आवळणारा बोल्ट यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

एक इशारा आधीच. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग स्ट्रटच्याच दोन ताटल्यांमध्ये अडकलेली असते, त्यामुळे आर्मचा बोल्ट काढला तरी ती उसळत नाही. पण चासीवाल्या मोठ्या गाड्यांत स्प्रिंग थेट लोअर आर्मवर बसलेली असू शकते, किंवा तिच्या जागी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असतो. त्या गाड्यांत हे काम घरी करू नका. बोल्ट निघताक्षणी आर्म जीव घेईल इतक्या जोरात खाली येतो.

बोल्ट ढिला का होतो

आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो आणि बुशच्या मधोमध लोखंडी नळी. बोल्ट त्या नळीतून जातो आणि सबफ्रेमच्या दोन पट्ट्यांमध्ये तिला चेपून धरतो. गाडीचा हिसका बोल्टने अंगावर घ्यायचाच नसतो. तो घ्यायचा असतो नळीची टोकं आणि पट्ट्या यांच्यातल्या घर्षणाने. १२ मिमीचा बोल्ट १०० न्यूटन-मीटर टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) आवळला तर ढोबळमानाने ४ टनांच्या ताकदीने तो सगळं एकत्र दाबतो. दोन्ही बाजूंचं घर्षण धरलं तर टनभराहून मोठा आडवा हिसका बसला तरी नळी जागची हलत नाही.

हा दाब कमी पडला की नळी केसभर सरकायला लागते. प्रत्येक ब्रेकला एकीकडे, प्रत्येक रिव्हर्सला दुसरीकडे. अशी आडवी सरक सुरू झाली की आटे आपोआप उलटे फिरू लागतात. मग दाब आणखी कमी, सरक आणखी जास्त. शेवटी नळी बोल्टच्या अंगावर आपटायला लागते, त्याला घळ पाडते, पट्टीचं भोक लांबट करते आणि एखाद्या दिवशी बोल्ट तुटतो. तुटलेला बोल्ट पाहून ‘माल हलका होता’ असं म्हणायची पद्धत आहे. बहुतेक वेळा माल ठीक असतो, दाब नसतो. म्हणून दाब का टिकला नाही हे शोधल्याशिवाय नवा बोल्ट घालणं म्हणजे पुढच्या ‘ठक’ची तारीख ठरवणं.

आधी खात्री करा

सपाट जागेवर चालण्याच्या वेगाने गाडी पुढे घ्या, ब्रेक दाबा. मागे घ्या, ब्रेक दाबा. दिशा बदलताना दर वेळी एकच जाड ‘ठक’ येत असेल तर संशय आर्मचा बोल्ट, बुश किंवा बॉल जॉइंटवर. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत ‘कटकट’ असेल तर आधी स्टॅबिलायझर बारची (गाडी वळणावर कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड पाहा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टंग’ होत असेल तर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगकडे जा.

मग टॉर्च घेऊन खालून बोल्टच्या डोक्याभोवती पाहा. घट्ट बसलेल्या बोल्टभोवती सगळीकडे सारखाच मळ असतो. सरकणाऱ्या बोल्टभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसते, बोटाला कुंकवासारखी लागते, आणि डोक्याच्या कडेला चंद्रकोरीसारखा चकचकीत घासलेला पट्टा असतो. हा पट्टा दिसला की आणखी पुरावा नको. तो नसेल तर आर्म आणि सबफ्रेम यांच्यात टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच रेटा. रबर दबणं चालेल. नळी पट्टीवर सरकताना दिसणं चालणार नाही. भोकांची रेषा जुळते का ते पाहायला बोट आत घालू नका, कधीच.

बोल्ट अर्धा बाहेर आला असेल, नट गायब असेल किंवा बॉल जॉइंटचा बोल्ट तुटला असेल तर गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका. सरळ ट्रकवर चढवा.

बोल्ट कुठला घ्यायचा

चासी नंबर सांगून, पार्ट नंबरनेच. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत ऑपेरा हाउसला जाणार असाल तर जुना बोल्ट खिशात घालून न्या, पण मापासाठी. दर्जा त्यावरून ठरवू नका. नट नेहमी नवा. नायलॉनची कडी असलेला किंवा तोंड दाबून चपटं केलेला नट एकदा उघडला की त्याची पकड गेली.

हार्डवेअरच्या दुकानातला ‘तसाच’ बोल्ट घेतला की तीन ठिकाणी गाडं अडतं. पहिलं, दर्जा. डोक्यावर ८.८ असेल तर पोलाद साधारण ६४० मेगापास्कलच्या ताणाला कायमचं ताणलं जातं, १०.९ असेल तर ९०० च्या आसपास. १०.९ च्या जागी ८.८ घालून तोच टॉर्क दिला तर बोल्ट ताणला जाऊन दाब निघून जाऊ शकतो. काही गाड्यांच्या बोल्टवर ७, ९ किंवा ११ असा सुटा आकडा असतो. त्याचा अर्थ लावत बसण्यापेक्षा कंपनीचाच बोल्ट घ्या. दुसरं, आटे. मूळ बोल्टचा मधला भाग गुळगुळीत असतो आणि आटे फक्त टोकाला. टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट घातला तर नळी आट्यांच्या धारांवर टेकते आणि नेमक्या जोराच्या जागी बोल्ट बारीक असतो. तिसरं, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. १२ मिमीचे बोल्ट १.२५, १.५ आणि १.७५ अशा तिन्ही पिचमध्ये मिळतात. चुकीच्या पिचचा बोल्ट दोन-तीन आटे छान जातो, मग अडतो, आणि पान्याने जोर लावला की आतले आटे सोलून काढतो.

‘गंजायला नको’ म्हणून स्टेनलेस घालणारेही असतात. दुकानात सहज मिळणारा ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कललाच ताणला जातो, म्हणजे १०.९ च्या निम्मा. सस्पेन्शनमध्ये त्याला जागा नाही.

सामान

हायड्रॉलिक जॅक, त्याशिवाय एक छोटा जॅक, दोन जॅक स्टँड, लाकडी ठोकळे. सहा कोनी गोट्या (सॉकेट); १७ आणि १९ नंबर बहुतेक ठिकाणी लागतात. बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे गोल करते. अर्ध्या इंची ड्राइव्हचा लांब दांडा, २०० न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क पाना, तारेचा ब्रश, पितळी ड्रिफ्ट (ठोकताना मध्ये धरायचा दांडा), हातोडा, गंज सोडवणारा स्प्रे, व्हर्निअर, पांढरा पेंट मार्कर, चष्मा. टॉर्क पाना नसेल तर मागून आणा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर. अंदाजाने आवळणारा माणूस दांडा लांब असेल तर दुप्पट देतो, गाडीखाली आडवा पडलेला असेल तर निम्मा.

काढणं

आदल्या रात्री बोल्टच्या दोन्ही टोकांना स्प्रे मारून ठेवा. ब्रेक डिस्कवर उडू देऊ नका. नट सुटायला याची मदत होते. नळीच्या आत मात्र तो फारसा पोचत नाही, कारण तिची दोन्ही तोंडं पट्ट्यांनी दाबलेली असतात.

गाडी जमिनीवर असतानाच, चाक काढायच्या आधी, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. हे माप शेवटी लागणार आहे आणि तेव्हा ते मिळवायला उशीर झालेला असतो.

पक्की सपाट जमीन, हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. मग गाडी उचला, नेमून दिलेल्या जागी स्टँड लावा, गाडी स्टँडवर पूर्ण टेकू द्या आणि एकदा हाताने जोरात हलवून पाहा. काढलेलं चाक दाराच्या खालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. डिकीतल्या कात्री जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका.

एकच बाजू उचलली असेल तर स्टॅबिलायझर बार पिळलेला असतो आणि आर्मला ओढून धरतो. त्या बाजूची लिंक रॉड सोडा, नाहीतर पुढची दोन्ही चाकं सारखी उचला. बोल्टला कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळवायची विक्षिप्त चकती असेल तर तिची जागा टोकदार पंचने ओरखडून ठेवा. मार्करची खूण स्प्रेने पुसली जाते.

आता बोल्टकडे नीट पाहा. आरपार जाऊन पलीकडे सुटा नट असेल तर डोकं धरून नट फिरवा. पण पुष्कळ गाड्यांत नट सबफ्रेमच्या पोकळीत वेल्ड केलेला असतो. तिथे इम्पॅक्ट गनने (झटके देत फिरवणाऱ्या यंत्राने) सुरुवात करायची नाही. गंजलेलं वेल्ड तुटलं की नट आत गरगर फिरतो आणि सबफ्रेमला खिडकी पाडल्याशिवाय तो धरता येत नाही. लांब दांड्याने पाव फेरा सोडा, अर्धवट परत आवळा, स्प्रे मारा, पुन्हा पाव फेरा. कंटाळवाणं आहे, नट वाचतो.

डोकं फिरवताना हाताला काय जाणवतं त्याकडे लक्ष द्या. कडक बसलेला बोल्ट ‘कट्’ करून सुटतो आणि मग फिरत राहतो. जर तो रबरासारखा थोडा फिरून, जोर काढताच मागे येत असेल, तर बोल्ट नळीत गंजून एकजीव झाला आहे आणि तुम्ही बुशचं रबर पिळत आहात. पान्याची लांबी वाढवून इथे काही होत नाही.

बोल्ट नीट सुटला असेल तर छोटा जॅक आर्मखाली लावून अगदी थोडा-थोडा वर-खाली करा. एका जागी भार निघतो आणि बोल्ट बोटांनी फिरायला लागतो. तिथेच थांबून बाहेर काढा. वाकडा रेटा असताना हातोड्याने ठोकलात तर आटे खराब होतात.

नळीत जाम झालेला बोल्ट

नवा आर्म किंवा किमान नवा बुश हातात असल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका, कारण जुना बुश यातून वाचत नाही. सुटा नट असेल तर तो काढून बोल्टच्या टोकावर पितळी ड्रिफ्ट ठेवून जड हातोड्याने थोडे, ठाम फटके देऊन पाहा. पाच-सहा फटक्यांत हलला नाही तर तो हलणार नाही. टोक मात्र भाकरीसारखं पसरेल आणि भोकातून जाईनासं होईल.

मग उरतं कापणं. नळीचं टोक आणि पट्टी यांच्या फटीतून दोन्ही बाजूंना काप घ्यायचा, आर्म बाहेर काढायचा आणि पट्टीतले तुकडे वेगळे काढायचे. मागे-पुढे चालणाऱ्या आरीचं धातूचं पातं इथे सर्वात बरं. अँगल ग्राइंडरची १ मिमीची चकतीही चालते, पण ठिणग्या ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटावर, ब्रेकच्या होजवर आणि पेट्रोलच्या नळीकडे उडतात. ओलं गोणपाट घालून सगळं झाका, गार्ड काढू नका, पाणी आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा. गॅसची ज्योत घरी नकोच: रबर पेटतं, धूर विषारी असतो आणि होज तापून निकामी झाली तर ते ब्रेक मारल्यावरच कळतं. वेल्ड केलेल्या नटात तुकडा अडकून राहिला तर बाहेर आलेल्या टोकावर नट वेल्ड करून तो फिरवून काढतात. वेल्डर घरी नसेल तर इथे काम थांबवून गॅरेजला फोन करण्यात कमीपणा नाही.

जोडण्याआधी चार मापं

आवाज परत येण्याची कारणं बहुतेक इथेच सापडतात, आणि गॅरेजमध्ये घाईत नेमका हाच भाग गाळला जातो.

पट्टीचं भोक उभं आणि आडवं मोजा. दोन मापांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल किंवा काठाला पायरी नखाला लागत असेल तर भोक लांबट झालं आहे. नवा बोल्ट तिथे टिकणार नाही. पट्टी दुरुस्त करावी लागेल किंवा सबफ्रेम बदलावी लागेल.

जुन्या आणि नव्या बुशच्या नळीची लांबी व्हर्निअरने मोजा. स्वस्त आर्ममध्ये नळी आखूड असते. मग बोल्टचा अर्धा जोर पट्ट्या आत वाकवण्यात खर्च होतो, टॉर्क पाना ‘टक्’ वाजतो आणि नळी मात्र सैलच राहते. अर्धा मिलिमीटर आखूड असली तरी तो आर्म परत करा. फट भरायला वायसर घालू नका.

नळीची टोकं आणि पट्ट्यांचे आतले पृष्ठभाग पाहा. नव्या आर्मवर जाड पेंट चढला असेल तर नळीच्या टोकावरून तो घासून काढा. पेंट दाबाखाली हळूहळू चेपतो. काही शे किलोमीटरमध्ये तेवढाच दाब कमी होतो. गंजाचे पापुद्रेही तसेच. तारेच्या ब्रशने उघडा धातू दिसेपर्यंत घासा.

आतल्या आट्यांत नवा बोल्ट बोटांनी फिरवून पाहा. पाच-सहा आटे सहज गेले पाहिजेत. गंजामुळे अडत असेल तर जुन्या, चांगल्या आट्यांच्या बोल्टला लांबीच्या दिशेने करवतीने दोन-तीन खाचा पाडा, तेल लावून आत फिरवा. मळ खाचांत जमा होतो. कापणारा टॅप (आटे पाडायचं हत्यार) धातू काढतो, म्हणून तो शेवटचा उपाय. आटे सोलले गेले असतील तर थ्रेड लॉकर (आटे चिकटवणारा द्रव), टेफ्लॉन टेप, डोकं वेल्ड करणं यातलं काहीही चालत नाही. नट बदला किंवा आट्यांचं इन्सर्ट जाणकाराकडून बसवून घ्या.

बसवणं आणि आवळणं

बोल्ट मूळ दिशेनेच घाला. उलटा घातला तर टोक स्टिअरिंग रॅकच्या बुटाला किंवा ड्राइव्ह शाफ्टला लागू शकतं. किनारपट्टीवरच्या गाडीत बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझचा (बोल्ट जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी कापाकापी टळेल. आट्यांना आणि नळीच्या टोकांना ते लागू देऊ नका. आटे तेलकट असतील तर त्याच टॉर्कला बोल्टवर ताण जास्त येतो, आणि टोकं तेलकट असतील तर ज्या घर्षणावर सगळं उभं आहे तेच जातं. मॅन्युअलमध्ये थ्रेड लॉकर सांगितला असेल तरच लावा. स्प्रिंग वायसर मुळात नसेल तर वाढवू नका. पुऱ्या दाबाखाली तो सपाट होतो आणि आडवी सरक थांबवत नाही.

बॉल जॉइंटच्या बोल्टचं वेगळं आहे. तो जॉइंटच्या दांडीवरच्या खाचेतून जातो. दांडी पूर्ण आत बसली नसेल तर बोल्ट अडतो. ठोकून घालू नका. दांडी वर ढकला, बोल्ट हाताने सरकला पाहिजे.

आर्मचा बोल्ट आधी नुसता टेकेपर्यंत फिरवा. गाडी हवेत, चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळायचा नाही. बुशचं रबर नळीला चिकटवलेलं असतं. लोंबकळत्या स्थितीत नळी पकडली गेली तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग नवा बोल्ट, नवा बुश आणि तोच आवाज. स्टँड जागेवर ठेवून नकलखाली जॅक लावा आणि हबच्या (चाक जिथे बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत सुरुवातीला लिहिलेलं माप येईपर्यंत उचला. आता आवळा.

टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. १२ मिमीच्या १०.९ बोल्टला तो साधारण ९० ते १३० न्यूटन-मीटरच्या घरात असतो, पण हा आकडा मॅन्युअल पडताळण्यासाठी आहे, त्याऐवजी वापरण्यासाठी नाही. एकक पाहा: १० किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९८ न्यूटन-मीटर, आणि १०० फूट-पाउंड म्हणजे १३६. टॉर्कनंतर अंशांमध्ये फिरवायला सांगितलेला बोल्ट मुद्दाम ताणलेला असतो; तो एकदाच वापरायचा. दोन टप्प्यांत आवळा, शेवटची ओढ सलग आणि सावकाश.

लिंक रॉड जोडा, चाक लावा, गाडी उतरवून चाकाचे नट टॉर्कने आवळा. बोल्टचं डोकं किंवा नट ते पट्टी अशी पांढरी रेघ मारा. उघड्या टोकाला वॅक्स किंवा अंडरबॉडी कोटिंग आता लावायचं, आधी नाही. मोकळ्या जागेत ब्रेकची तीच चाचणी पुन्हा करा आणि एक-दोन दिवसांत अलाइनमेंट पाहून घ्या. चकतीवाला बोल्ट किंवा स्ट्रटचा बोल्ट हलवला असेल तर त्याच दिवशी.

१०० किलोमीटरनंतर आणि मग १,००० किलोमीटरनंतर रेघ पाहा. रेघ तुटली असेल तर नुसतं आवळून सोडून देऊ नका. भोक, नळीची लांबी आणि पेंट ही तीन मापं परत घ्या. रेघ शाबूत आहे आणि तरी ‘ठक’ येतंय, तर बोल्टला हात लावू नका, बॉल जॉइंट आणि आर्मचा मागचा बुश तपासा.